वईचं सातवं शतक

जगात जी जी वस्तू टिकावी असं माणसाला वाटतं, तिला आधी आपलं वय सिद्ध करावं लागतं. तरुण वस्तूला कोणी विचारत नाही, आणि मध्यमवयीन वस्तूकडे तर कोणी ढुंकूनही बघत नाही. (माणसांच्या बाबतीत नियम नेमका उलटा आहे, पण माणसं जपण्यासाठी मंडळ निघाल्याचं निदान नेदर बार्टन गावात तरी ऐकिवात नाही.) म्हणूनच 'नेदर बार्टन प्राचीन वई संरक्षक मंडळ' स्थापन झालं, तेव्हा नावात 'प्राचीन' हा शब्द आधी घालण्यात आला आणि पुरावा सवडीने गोळा करायचं ठरलं. बहुतेक प्राचीन गोष्टींचा क्रम हाच असतो, त्यामुळे यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

वई म्हणजे झाडाझुडपांचं जितंजागतं कुंपण. टिंकर्स लेनच्या कडेने ते चर्चच्या मागच्या अंगापासून थेट लाँड्रीपर्यंत गेलं होतं. एका बाजूला एकाच साच्यातून काढलेली विटांची घरं, दुसऱ्या बाजूला रस्ता, आणि मधे ही काटेरी, अस्ताव्यस्त, कोणाचंही न ऐकणारी वई. आत चिमण्या भांडत, बुंध्याशी उंदीर संसार करत, आणि वरून शाळेची पोरं वेफर्सची पाकिटं टाकत.

मंडळाचे सभासद अकरा. त्यांच्या वयांची बेरीज आठशे चार, म्हणजे वईपेक्षा मंडळच अधिक प्राचीन होतं. दर शनिवारी सकाळी दहाला सगळे हातमोजे घालून जमत. फांद्या अर्ध्या चिरून आडव्या वाकवणं, म्हणजे बुंध्यातून नवे कोंब फुटतात आणि वई दाट होते, हे मुख्य काम. त्याला साधारण चाळीस मिनिटं लागत. उरलेला वेळ चहा, केक आणि गेल्या शनिवारी कोणी चुकीची फांदी चिरली याच्या चौकशीत जाई. अध्यक्ष होत्या फिलिपा ग्रोट, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. केकचं खातं डोरीन अटली हिच्याकडे होतं. ती दिसेल त्याला 'राजा' म्हणे, मग तो पाद्री असो की पोस्टमन. पोस्टमन म्हणजे क्लेमेंट बॅसकूम. तोही निवृत्त झाला होता, पण लोकांच्या फाटकांवरून आत डोकावण्याची सवय अजून शाबूत होती.

आणि सेक्रेटरी होता विल्फ्रेड टॅन्स्ली. विल्फ्रेडची उभी हयात बस कंपनीत वेळापत्रकं करण्यात गेली होती. बस उशिरा आली तर चूक बसची, वेळापत्रकाची नव्हे, असं त्याचं ठाम मत होतं. खोटं बोलणं त्याला जमत नसे. एकदा डोरीनच्या आल्याच्या केकबद्दल त्याने खरं मत दिलं होतं, आणि त्यानंतर ती दोन शनिवार त्याच्याशी बोलली नव्हती.

तर या वईचा घात झाला तो मंडळाच्या यशामुळे. मंडळाने 'वई दिन' साजरा केला. शहरातून माणसं आली, त्यांना चिमण्या दाखवल्या, केक खिलवला. पुढच्या वर्षी दुप्पट आली. तिसऱ्या वर्षी इतक्या मोटारी आल्या की लाँड्रीवाल्याने आपलं दार आतून उघडण्याचा नाद सोडून दिला. नागरिकांच्या या उत्साहाची नगर परिषदेने तातडीने दखल घेतली. वई बघायला येणाऱ्यांच्या मोटारींसाठी सोय व्हायलाच हवी होती. पाहणी झाली, नकाशे निघाले, आणि टिंकर्स लेनवर मोटारतळाला सोयीची अशी एकच जागा सापडली. तिथे वई होती.

"म्हणजे वई काढून तिथे गाड्या लावायच्या," क्लेमेंट म्हणाला, "आणि मग गाड्यांतून उतरून लोकांनी बघायचं काय?"

"माहितीफलक," बाई म्हणाल्या. "फलकाची तरतूद आहे. मी विचारलं."

आता या सगळ्यात विल्फ्रेडचं काय जाणार होतं, हे सांगायला हवं. त्याच्या घराचं मागलं अंगण वईला टेकलेलं. रोज संध्याकाळी वईतून एक हेजहॉग बाहेर येई, काट्यांचा एक फुगीर चेंडू, आणि फुसफुस करत स्वयंपाकघराच्या पायरीशी उभा राही. त्याच्या त्या रुबाबावरून विल्फ्रेडच्या बायकोने, एनिडने, त्याचं नाव ब्रिगेडियर ठेवलं होतं. ती त्याला बशीत मांजराचं खाणं घाली आणि त्याच्याशी बोले. दिवसभरात जे नवऱ्याला सांगायचं राहिलं असेल ते ती ब्रिगेडियरला सांगे, आणि विल्फ्रेड आत खुर्चीत बसून ऐके. एनिडला जाऊन दोन वर्षं झाली होती. बशी आता विल्फ्रेड ठेवत होता. बोलणं त्याला जमत नसे, म्हणून तो ब्रिगेडियरला दुसऱ्या दिवशीच्या बसच्या वेळा सांगे. वई गेली असती तर ब्रिगेडियर गेला असता, आणि मग संध्याकाळी सहानंतर त्या घरात बोलण्यासारखं कोणीच उरलं नसतं. याचं त्याला फार भय वाटे, आणि ते त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं.

सुदैवाने कायद्यात वाट होती. वई सातशे वर्षांची असेल तर ती 'प्राचीन' ठरते, आणि मग तिच्या पानालाही परिषद हात लावू शकत नाही. आणि वईचं वय काढायची रीत तर फारच सोपी आहे. तीस पावलांचा एक तुकडा घ्यायचा, त्यात झुडपांच्या जाती किती ते मोजायचं, आणि दर जातीमागे शंभर वर्षं धरायची. (पुस्तकांच्या जाती मोजून हीच रीत वाचनालयाला लावली तर नेदर बार्टनचं वाचनालय अश्मयुगातलं निघतं, पण ती फक्त वईला लावायची असते.)

मोजणी अर्थात विल्फ्रेडने केली. हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझल, एल्डर, होली आणि रानगुलाब. त्याने पुन्हा मोजलं. मग उलट्या टोकाकडून मोजलं. तरी सहाच.

त्या शनिवारी त्याने हा आकडा सभेपुढे ठेवला.

"सहा," बाई म्हणाल्या. "सहा ही काही वाईट संख्या नाही. फक्त ती सात नाही."

"एखादं नजरेतून सुटलं असेल, राजा?" डोरीनने विचारलं.

"नाही," विल्फ्रेड म्हणाला.

"बारीकसं? कोपऱ्यात?"

"डोरीन, मी तिन्ही वेळा गुडघ्यांवर बसून मोजलंय. गुडघे अजून ठणकताहेत."

"तर मग," बाई म्हणाल्या, "काउंटीचे अधिकारी पंधरवड्याने अधिकृत मोजणीला येत आहेत. तोपर्यंत या तुकड्यात कोणीही ढवळाढवळ करू नये, असं मी अध्यक्ष म्हणून बजावते. विशेषतः संध्याकाळी, रस्त्यावर वर्दळ नसते तेव्हा." इतकं बोलून त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि सभा संपल्याचं जाहीर केलं.

विल्फ्रेडच्या मागल्या दाराशी एक कुंडी होती. आजारी पडायच्या आधी एनिडने बागेच्या दुकानातून स्पिंडलचं रोप आणलं होतं. शरदात गुलाबी फळं धरतं ते. लावायचं राहून गेलं. रोपाला दुकानाची प्लास्टिकची चिठ्ठी तशीच लटकत होती, कारण एनिड चिठ्ठ्या कधी काढत नसे. "राहू दे की," ती म्हणायची, "आपण कोण हे त्याला कळायला नको?" दोन वर्षं विल्फ्रेड त्या कुंडीला वळसा घालून जात होता. चार दिवस त्याने विचार केला. पाचव्या संध्याकाळी त्याने कुंडी उचलली, खुरपं घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळापत्रकात नसलेली गाडी सोडली.

वईच्या त्या तुकड्याशी तो पोचला तर समोरून क्लेमेंट येत होता. त्याच्या खांद्यावर फावडं होतं.

"काय रे, इकडे कुठे?" विल्फ्रेडने विचारलं.

"कुत्र्याला फिरवतोय."

"तुझ्याकडे कुत्रा नाही."

"म्हणून तर वेळ लागतोय," क्लेमेंट म्हणाला. त्याने विल्फ्रेडच्या हातातल्या कुंडीकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. "उद्या पाऊस धरेल असं दिसतंय."

"दिसतंय खरं."

एवढ्यावर दोघेही सभ्यपणे पांगले. वाकून खड्डा खणताना विल्फ्रेडच्या लक्षात आलं की आजूबाजूची माती आधीच फार भुसभुशीत आहे. त्याचा दोष त्याने उंदरांना दिला. परतताना त्याला डोरीन दिसली, हातगाडी ढकलत. हातगाडीवर चादर होती आणि चादरीतून एक शेंडा डुलत होता. दोघांनी हवेविषयी चार शब्द बोलून घेतले. शेंड्याचा विषय निघाला नाही. नेदर बार्टनमध्ये शेजाऱ्याच्या छपरावर हत्ती चढला तरी आधी हवेविषयी बोलण्याची पद्धत आहे, आणि हत्तीने आपण होऊन ओळख करून दिल्याशिवाय त्याचा उल्लेख होत नाही.

अधिकारी आले ते इड्रिस प्यू नावाचे शांत, उंच, वेल्सकडचे गृहस्थ. डोरीनने त्यांना आधी केक दिला. मग आणखी दिला. तिसऱ्या तुकड्यानंतर ते मोजायला उठले, आणि इथे शिष्टाचाराचा पेच उभा राहिला; कारण ज्या घरचा केक खाल्ला त्या घरच्या झुडपावर संशय घेणं कोणत्याही सुसंस्कृत माणसाला शक्य नसतं.

हॉथॉर्नपासून रानगुलाबापर्यंत सहा झाली. सातवं स्पिंडल. विल्फ्रेडने श्वास सोडला. पण प्यू थांबेनात. आठवं लायलॅक निघालं. नववं रोजमेरी. दहावं तमालपत्राचं झाड, हल्लीच स्वयंपाकघरातून उठून आल्यासारखं. अकरावा जपानी मेपल. त्यापुढे कमेलिया, लॅव्हेंडर, एक ऑलिव्ह, आणि होलीच्या आडोशाला उभं, फांदीवर चंदेरी झिरमिळ्यांचा एक धागा विसरलेलं नाताळचं झाड. सभासद अकरा, प्रत्येकाने आपापल्या परीने एकेक शतक वाढवलं होतं. डोरीनने तीन वाढवली, कारण तिला कमी पडलेलं कधीच खपत नाही. बाईंनी चार वाढवली आणि ती वर्णानुक्रमे लावली.

"ऑलिव्ह," प्यू हळूच म्हणाले.

"रोमन सैनिक," बाई तत्काळ म्हणाल्या. "चालता चालता बिया थुंकायचे. शिस्तीला फार ढिले."

"आणि जपानी मेपल?"

"त्यांच्याही आधीचा असणार. त्या काळाविषयी आपल्याला फारच कमी माहिती आहे."

"खरं आहे," प्यू म्हणाले आणि त्यांनी बाविसावी खूण केली.

बावीस जाती म्हणजे बावीसशे वर्षं. रोमन लोक या देशात उतरले तेव्हा ही वई त्यांची वाट बघत उभी होती, हे आता शास्त्राने सिद्ध झालं. मोटारतळ रद्द झाला. अकरा जणांनी एकमेकांचं अभिनंदन केलं, आणि आपल्या एकट्याच्या लागवडीने एवढी मजल मारली हे पाहून अकराही जण मनातून थक्क झाले.

हा आनंद तीन आठवडे टिकला. मग काउंटीच्या पुरातत्त्व खात्याचं पत्र आलं. रोमनपूर्व वई हा राष्ट्रीय ठेवा असल्याने तिच्या मुळांखाली काय दडलं आहे याचा शोध घेणं हे खात्याचं कर्तव्य होतं. त्यासाठी जानेवारीत उत्खनन होणार होतं. वई अर्थातच काढावी लागणार होती. मोटारतळासाठी निघाला असता तेवढा तुकडा नव्हे, चर्चपासून लाँड्रीपर्यंत अख्खी. मात्र ती अत्यंत आदराने काढण्यात येईल, असं आश्वासन पत्रात दोनदा दिलं होतं.

विल्फ्रेडने पत्र वाचून दाखवलं. तारखेची ओळ त्याने दोनदा वाचली. जानेवारी. ब्रिगेडियर नोव्हेंबरात वईच्या बुंध्याशी पानांत शिरून झोपतो तो थेट वसंतात उठतो. जानेवारीत तिथे कुदळी चालणार.

"मला एक सांगायचंय," विल्फ्रेड उठून म्हणाला. "सातवं झुडूप..."

"खाली बसा, विल्फ्रेड," बाई म्हणाल्या, पण वर्गातल्या आवाजात नव्हे. "इथे कोणालाही काहीही सांगायचं नाहीये. मी प्यूंना फेरमोजणीची विनंती केली आहे. तोपर्यंत प्रत्येकाने आपापल्या सवडीने वईची थोडी... निगा राखावी. एकेकट्याने. आणि दुसऱ्याची निगा चालू असताना आपण दुसरीकडे बघावं."

"दुसरीकडे बघायचा आपल्याला सराव झालाय," क्लेमेंट म्हणाला.

त्या आठवड्यात टिंकर्स लेनवर इतके बिनकुत्र्याचे लोक कुत्री फिरवायला निघाले की काय सांगावं. विल्फ्रेडही गेला. स्पिंडलवर गुलाबी फळं लटकत होती. त्याने बुंध्याला हात घातला आणि तिथेच थांबला. बुंध्याभोवती वाळल्या पानांचा एक ढीग रचलेला होता, आणि तो ढीग अगदी सावकाश वरखाली होत होता. साऱ्या वईत, सगळे जुने बुंधे सोडून, ब्रिगेडियरने एनिडच्या रोपाखाली अंथरूण घातलं होतं. विल्फ्रेड ओल्या गवतात बसला आणि त्याला रडू आलं. मग त्याने नाक पुसलं, ढिगाला दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसची वेळ सांगितली, आणि रोप तसंच ठेवून घरी आला.

रात्रभर त्याला लाज वाटत राहिली. बाकीच्यांनी प्रामाणिकपणे आपापलं उपटलं असणार. एकट्या त्यानेच लबाडी केली. पहाटे चहा ओतताना त्याला बेरीज सुचली आणि चहा बशीत सांडला. सहा अधिक एक म्हणजे बरोबर सातशे. पण हीच बेरीज बाकीच्या दहांनाही येत होती. प्रत्येकाने एकेक मागे ठेवलं असेल, तर वई पुन्हा रोमनांच्या वाटेला लागलीच म्हणायची.

फेरमोजणीला प्यू आले. केक झाला. ते वईपाशी गेले. लायलॅक नव्हतं. रोजमेरी नव्हती. ऑलिव्हच्या जागी माती इतकी नीट थोपटलेली होती की तिथे कधी काही उगवलं असेल यावर विश्वास बसू नये. नाताळचं झाड आपल्या झिरमिळ्या घेऊन परत गेलं होतं.

"महिन्याभरात पंधरा शतकं गेली," प्यू म्हणाले.

"थंडी फार पडली यंदा," बाई म्हणाल्या.

विल्फ्रेड डोरीनच्या शेजारी उभा होता. तिने त्याच्या कोपराला धरलं. "तुझ्या रोपाला कोणी हात लावला नाही हं, राजा," ती कुजबुजली. "एनिडची कुंडी आम्हाला काय माहीत नव्हती? दोन वर्षं बघत होतो. क्लेमेंट म्हणाला, एकच ठेवायचं ना, मग तेच राहू दे."

"कधी ठरलं हे?"

"ठरलं कुठे? तू यायच्या आधी चहाला सगळे हवेविषयी बोलत होतो."

प्यू स्पिंडलपाशी पोचले होते. ते वाकले. त्यांनी गुलाबी फळं पाहिली, पानांचा तो ढीग पाहिला, आणि ढिगातून बाहेर आलेली प्लास्टिकची चिठ्ठी पाहिली. बराच वेळ ते तसेच वाकून होते. चिठ्ठीवर 'बाल्कनीसाठी उत्तम' असं छापलं होतं, हे विल्फ्रेडला पाठ होतं. मग प्यूंनी बुटाच्या टोकाने दोन पानं अलगद चिठ्ठीवर सारली आणि ते उभे राहिले.

"सात," ते म्हणाले. "सातशे वर्षं. पुरातत्त्ववाल्यांना फारच कोवळी, आणि मोटारवाल्यांना फारच म्हातारी." त्यांनी टोपी घातली आणि जाता जाता विल्फ्रेडपाशी थांबले. "त्या सातव्या शतकाला पाणी घालत चला, मिस्टर टॅन्स्ली. इतक्या जुन्या झुडपाला पहिला उन्हाळा जरा जड जातो."

वई आजही तिथे आहे. वई दिन मात्र बंद झाला. प्राचीन वस्तूंकडे फार माणसं फिरकली की त्यांच्या जिवावर बेततं, असा ठराव मंडळाने एकमताने केला आहे. वसंतात ब्रिगेडियर उठला, आणि विल्फ्रेड आता त्याच्याशी बसच्या वेळांपलीकडचंही थोडंफार बोलतो.

एव्हाना तुम्हाला हसू आलं असेल. कुंडीतल्या रोपावर सातशे वर्षं उभी करणारी ही भाबडी माणसं! हसा, जरूर हसा. आणि हसून झालं की आपल्या घराण्याच्या मूळ पुरुषाकडे, ग्रामदैवताच्या स्वयंभूपणाकडे, नाहीतर आजीच्या आजीपासून जशीच्या तशी चालत आलेल्या त्या मसाल्याच्या कृतीकडे जा, आणि बुंध्याशी जरा बोट घालून बघा. चिठ्ठी लागेल. लागली तर ओढू नका. वर दोन पानं सारा, उन्हाळ्यात पाणी घाला, आणि मोजायला कोणी आलंच, तर त्याला आधी पोटभर खायला घाला.